तीन संडासांचं घर

माझ्या धाकट्या जावेच्या घरात माणसं अडीच आणि संडास तीन. ही मोजदाद मी तिच्या वास्तुशांतीच्या दिवशीच केली. बाकीच्या बायका ग्रॅनाइटचा ओटा आणि भिंतीतली कपाटं बघत होत्या. मी एकेक दार उघडत हिंडत होते. एक संडास हॉलच्या बाजूला, आल्यागेल्यांसाठी. दुसरा त्यांच्या बेडरूमला लागून. तिसरा मुलीच्या खोलीला लागून, आणि मुलीला अजून चौथं वर्षसुद्धा पुरं झालेलं नव्हतं.

"हिला आत्तापासून वेगळा कशाला?" मी विचारलं.

"अहो वहिनी, बिल्डरचा प्लॅनच तसा होता," जाऊ म्हणाली.

म्हणजे तिनं मागितलासुद्धा नव्हता. न मागता मिळाला होता. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथेच, त्या पांढऱ्या स्वच्छ टाइल्सवर उभी असताना. परतीच्या वाटेवर वाघोलीपासून कसबा पेठेपर्यंत मी यजमानांशी एक शब्द बोलले नाही. त्यांना वाटलं, जेवण बाधलं.

आमच्या इमारतीत चार बिऱ्हाडं आणि संडास एक. तोही अंगणाच्या टोकाला, तीन पायऱ्या चढून. आतली कडी नीट बसायची नाही, म्हणून आतल्या माणसानं अधूनमधून खाकरायचं असा अलिखित नियम होता. प्रत्येक बिऱ्हाडाचं टमरेल वेगळं. आमचं निळं. सकाळी साडेपाचनंतर टमरेलांची रांग लागायची, माणसं आपापल्या दारात उभी राहून रांगेवर नजर ठेवायची. कोण किती वेळ आत बसतं हे सगळ्यांना पाठ होतं आणि त्यावर शेरे मारायला कुणी मागेपुढे बघत नसे.

ही जाऊ लग्न होऊन आली ती याच घरात. अमरावतीकडची मुलगी. कॉम्प्युटर शिकायला पुण्यात आली होती, कर्वेनगरला होस्टेलवर राहायची. बोलायची आमच्यासारखीच, पण रागावली किंवा रडू आलं की तिचं तिकडचं बोलणं वर यायचं. पहिल्या दिवशी ती संडासात गेली आणि शेजारचे काका बाहेर उभे राहून घसा साफ करायला लागले. ती तशीच रडत परत आली. दुसऱ्या दिवसापासून मी तिला पहाटे पाचला उठवायला लागले. ती आत असेपर्यंत मी पायरीवर राखण बसायची. अशी दोन वर्षं बसले. तेव्हा माझी तिच्यावर माया होती. असायला काय झालं, दोघींचा संडास एकच होता!

मग तिला खराडीच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि ती दोघं तिकडेच भाड्यानं राहायला गेली. दीर आधीच एका कंपनीत होता. त्या काळात अशा जोडप्यांना बँका बोलावून कर्ज देत होत्या. दोन वर्षांत त्यांचा वाघोलीत फ्लॅट झाला. जुन्या शेतांवर एकामागून एक इमारती उठत होत्या, त्यातल्या एकीत सातव्या मजल्यावर.

मी काय करत होते, तर लोकांची शी तपासत होते. हे मी थट्टेनं सांगत नाही. आमच्याच पेठेतल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ होते, वीसेक वर्षं. सुरुवातीला सगळंच हातानं व्हायचं. मग बाहेरच्या देशांतली मशीनं आली. रक्त मशीनमध्ये गेलं, ते हाताळायला एक नवी, इंग्रजी बोलणारी मुलगी आली, तिला एसी खोली मिळाली. शी मात्र कुठल्याही मशीनला नको होती. ती माझ्याकडेच राहिली, मागच्या मोरीशेजारच्या टेबलावर, मायक्रोस्कोपपाशी. त्या मुलीचाही मी हेवा केला. माझा स्वभावच तो, लपवत नाही.

पण कामात मी पक्की होते. लोक नमुना कशाकशातून आणायचे! काडेपेटीतून, चुन्याच्या डबीतून, पेढ्यांच्या खोक्यातून, कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीतून. मी झाकण उघडलं की निम्मं निदान नाकानं आणि डोळ्यांनी व्हायचं. कुणाला आव आहे, कुणाला जंत आहेत, कुणाचं तूप-तेल पचत नाही. आमचे डॉक्टर म्हणायचे, "रक्ताचं रक्त सांगेल, पण माणूस कुठलं पाणी पितो ते बाई सांगतील." हे वाक्य मी जपून ठेवलं होतं. माझ्याकडे मिरवायला दुसरं होतं काय?

टेबलाच्या वर मी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती: 'नमुना ताजा हवा. डबी कोरडी हवी. डबी जंतुनाशकाने धुतल्यास नमुना परत केला जाईल. वाद घालू नये.' कारण साधं आहे. आपल्याला जे जंतू शोधायचे असतात तेच औषधानं मरतात, विरघळतात, आणि मग मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही. त्या पाटीवर बोट ठेवून मी हडपसरहून आलेल्या म्हाताऱ्यालाही परत पाठवलं होतं आणि नगरसेवकाच्या बायकोलाही.

वास्तुशांतीनंतर आमच्या घरात एक नवीनच दुखणं सुरू झालं. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. ती घरच्या संडासात जाईना. शेजारच्या मुलांसमोरून टमरेल घेऊन जायची तिला लाज वाटायची. पाणी कमी प्यायची, दिवसदिवस धरून ठेवायची, आणि रविवारी म्हणायची, "आई, मी काकांकडे जाऊन येते." बस बदलून वाघोलीला जायची, त्या तिसऱ्या संडासात मासिक घेऊन अर्धा-पाऊण तास बसायची आणि संध्याकाळी टवटवीत होऊन परत यायची. एकदा म्हणाली, "काकूंकडे ना, कुणी दारावर टकटकसुद्धा करत नाही."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती का मारलं म्हणून विचारत राहिली. काय सांगणार होते? माझ्या पोटच्या पोरीला मी जे देऊ शकत नव्हते, ते माझी जाऊ न मागता मिळालेल्यातून देत होती, तेही चहा-बिस्किटांसकट.

त्याच पावसाळ्यात पुतणीचं पोट बिघडलं. पंधरा दिवस झाले तरी थांबेना. बालरोगतज्ज्ञांनी शौच तपासायला सांगितलं. दीर सकाळी ऑफिसला जाण्याआधी गाडी घेऊन वाकडी वाट करून आमच्या लॅबवर आला. "वहिनी, ही म्हणाली तुमच्याचकडे द्यायचं. दुसरीकडे नको." त्यानं पिशवी माझ्या हातात दिली आणि घाईनं गेला.

पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, आत निळ्या झाकणाची नवी कोरी डबी. वर सुवाच्य अक्षरात मुलीचं नाव, वय, वेळ. मी झाकण फिरवलं. शीचा वास नंतर आला. आधी आला तो जखमा धुवायच्या औषधाचा, पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं त्याचा. डबी त्या औषधानं खळखळून धुतलेली होती. तळाशी पांढुरकं पाणीही होतं.

पाटी माझ्या डोक्यावर होती. फोन हाताशी होता. "डबी नुसती गरम पाण्यानं धू, कोरडी कर आणि उद्या ताजा नमुना पाठव," एवढंच सांगायचं होतं. मी रिसिव्हर उचललाही होता. मग काय झालं, तर माझ्या डोळ्यांपुढे त्या टाइल्स आल्या. नवी कोरी डबी. तीन पिशव्या. आमच्या हाताला घाण लागू नये म्हणून केवढी ती काळजी! दोन वर्षं त्या पायरीवर बसून मी तुझी राखण केली, आणि आता मला तुझी शीसुद्धा धुवून पाठवतेस काय? असं मनात आलं. मी रिसिव्हर खाली ठेवला.

नेहमीसारखा नमुना पसरून काच केली. सलाईनची एक, आयोडीनची एक. बघितलं. काही दिसलं नाही, दिसणारच नव्हतं. मी लिहिलं, 'अंडी, जंतू: आढळले नाहीत.' डॉक्टरांनी माझ्या अक्षरावर विसंबून सही केली. लिहिलेलं खोटं नव्हतं. म्हणून तर ते मला इतकं सोपं गेलं.

जावेचा फोन आला. "वहिनी, रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे काळजीचं नाही नं?"

"मुलांचं होतं असं. दात येतात, हवा बदलते."

"दात तर सगळे आले हो."

"मग हवा," मी म्हणाले.

नंतरचे सहा आठवडे त्यांनी काय काय केलं! दूध बंद केलं. गहू बंद केला. पेज, केळं, डाळिंबाची साल, कुणी सांगितलं म्हणून दृष्टसुद्धा काढली. दर वेळी नवीन डॉक्टर माझा रिपोर्ट बघायचे आणि जंतू नाहीत असं धरून पुढे जायचे. पोरगी चार दिवस बरी असायची, पुन्हा सुरू. जावेला कंपनी तीन महिने अमेरिकेला पाठवणार होती, तिनं नाही म्हणून कळवलं. तिच्या जागी दुसरं कुणी गेलं. हे यजमानांनी सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. मला आनंद झाला. हे लिहिताना हात अडखळतो, पण झाला. म्हटलं, तीन संडास आहेत ना, बसा आता तिघं तीन ठिकाणी.

गौरींच्या जेवणाला सगळे दरवर्षी आमच्याकडे जमतात. सोळा भाज्या, पुरण, घर पाहुण्यांनी गच्च. मी काठापदराच्या साडीत, सोवळ्यानं नैवेद्याचं ताट वाढत होते. जाऊ आली, मुलीला कडेवरून खाली ठेवलं, आणि माझा हात पळीवरच राहिला. दीड महिन्यात मी तिला बघितलंच नव्हतं. पोट तेवढं मडक्यासारखं, बाकी हातापायांच्या काड्या. परकर कमरेवर राहत नव्हता, तो सेफ्टी पिनेनं आवळला होता. ती माझ्याजवळ आली, ढेकर दिला आणि मला नासक्या अंड्याचा वास आला.

हा वास मला माहीत होता. वीस वर्षं मी दुसरं काय हुंगत आले होते!

"काकू, शी," ती म्हणाली.

जाऊ पुढे झाली, पण मी म्हणाले, "तू बस. मी नेते." अंगणातल्या संडासाच्या दारात पोरगी अडून बसली. आत अंधार, भोक मोठं, तिला भीती वाटली. तिला कमोडची सवय. मग मी आमच्याकडच्या सगळ्या लहान मुलांचं करतात तसं केलं. मोरीच्या कडेला वर्तमानपत्र पसरलं आणि तिला त्यावर बसवलं.

झाल्यावर मी वाकून बघितलं. पिवळट, फेसाळ, तेलकट. कागदावर तुपाचा डाग पडावा तसा डाग भोवती पसरत होता. आणि माझ्या लक्षात आलं, की दोन महिने ही शी कुणी बघितलेलीच नाही. त्या घरात ती पाण्यात पडायची, बटण दाबलं की जायची. जावेनं नमुन्यापुरती घेतली असेल तीही तोंड फिरवून. ज्या पांढऱ्या भांड्यासाठी मी जळत होते, त्यानं पोरीचं दुखणं रोज धुवून नेलं होतं. ते तिथपर्यंत जायची गरजच नव्हती, मी एक फोन केला असता तर.

घरात रोलची एक जुनी डबी होती, कोरडी. तिच्यात घेतलं, पदर खोचला आणि निघाले. मागून आत्यासासूबाई ओरडल्या, "अगं, गौरी जेवायच्यात आणि सोवळ्यात शी घेऊन कुठे निघालीस?"

"जेवू देत त्यांना," मी म्हणाले.

लॅबला सुट्टी होती, पण किल्ली माझ्याकडे असायची. गल्लीत ढोल वाजत होते, मी गर्दीतून डबी तळहातात घट्ट धरून, गरम राहावी म्हणून पोटाशी दाबून चालत होते. काच केली. डोळा लावला. दिसायला क्षणही लागला नाही. घाण पाण्यातून पोटात जाणारे जंतू, पेरूच्या उभ्या फोडीच्या आकाराचे म्हणावेत तर तसे, एका टोकाला निमुळते, वर डोळ्यांसारखे दोन ठिपके, आणि झाडावरून पान पडताना हेलकावे खातं तसे हेलकावत चाललेले. एक नाही, दोन नाही, जिथे काच सरकवावी तिथे. सगळे ते दोन ठिपके वर करून माझ्याकडे बघत होते. मी स्टुलावर बसून राहिले. रडले नाही. रडण्याइतकी मी चांगली नव्हते.

मग रिपोर्ट लिहिला आणि परत जाऊन जावेच्या हातात दिला. डॉक्टरांना फोन झाला, संध्याकाळपर्यंत औषध सुरू झालं. पाचव्या दिवशी पोरगी वरण-भात मागून जेवली.

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. दीरानं ऑफिसात सांगितलं. यजमानांनी पहिल्यांदा चारचौघांत म्हटलं, "हिच्या हातात विद्या आहे." मी खाली मान घालून ऐकून घेतलं. लोकांना तो विनय वाटला.

दोन आठवड्यांनी रविवारी मुलीबरोबर मीही वाघोलीला गेले. पाणी कुठे नासलं ते बघायचं होतं. सोसायटीच्या भिंतीपलीकडे एक गोठा अजून टिकून होता. ज्यांच्या शेतावर ती इमारत उभी होती, त्यांच्याच म्हशी. तिथली म्हातारी शेण थापत होती. मी विचारताच म्हणाली, "आवो, तुमची पान्याची टाकी हाय ना जमिनीतली, तिच्या अंगालाच घान पान्याचं चेंबर बांधलंय. आमी तवाच बोललो. आमाला काय कळतंय म्हनले." सोसायटीनं उघडून बघितलं तर दोन्हींच्या मधल्या भिंतीला चीर होती. अख्खी इमारत आपलंच पीत होती. मला पुन्हा एकदा बरं वाटलं. जुनी खोड, जात नाही.

वर आले तर जाऊ डायनिंग टेबलापाशी बसली होती. मुली आत होत्या. तिनं मला चहा दिला आणि म्हणाली, "वहिनी, चूक माझीच झाली. डॉक्टर म्हणाले, पहिला नमुना बिघडलेला असणार. मी डबी औषधानं धुतली होती. तुम्ही स्वतःच्या हातानं ती घाण उघडणार, ते मला कसंतरीच वाटत होतं. म्हटलं, निदान डबी तरी स्वच्छ असावी. माझ्यामुळे पोरीचे सहा आठवडे गेले."

चहावर साय धरत होती. मी गप्प राहिले असते तर ते तिथेच संपलं असतं. तिनं जन्मभर ते स्वतःच्या माथी घेतलं असतं आणि मी गुणी मोठी जाऊ म्हणून मिरवले असते.

"मला वास आला होता," मी म्हणाले.

"कसला?"

"औषधाचा. झाकण उघडल्याबरोबर आला होता."

तिला कळायला वेळ लागला. "मग काहून नाही सांगितलं?" तिचं अमरावतीचं बोलणं वर आलं होतं. "काहून नाही सांगितलं, वहिनी?"

"तुझ्याकडे तीन संडास आहेत म्हणून."

हे मोठ्यानं बोलल्यावर किती क्षुद्र वाटलं! पण दुसरं कारणच नव्हतं, तर देणार कुठून? तिनं माझ्यापुढचा चहाचा कप उचलून सिंकमध्ये ओतला. पाठमोरीच म्हणाली, "एक मागायचा होतात. दिला असता. माझ्या पोरीला कशाला...?"

मी पर्स उचलली. मुलीला हाक मारून निघावं म्हणून उठले, तेवढ्यात आतून, त्या तिसऱ्या संडासातून पुतणीचा आवाज आला.

"काकू! झाली! ये ना, मी पाणी नाही सोडलं!"

दुखण्यानंतर तिला ती सवय लावली होती. कुणीतरी बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आणि मी आले आहे म्हटल्यावर तिनं मलाच हाक मारली होती. जावेकडे बघितलं. ती सिंकपाशीच होती, नळ सुरू होता. आतून पुन्हा हाक आली.

"जा," जाऊ म्हणाली. वळली नाही. "तुम्हालाच बोलावतेय."

मी आत गेले. पोरगी कमोडवर पाय हलवत बसली होती. तिला उचललं, धुतलं, मग वाकून बघितलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे नीट दिसेना, म्हणून पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा वाकले.

दारात जाऊ येऊन उभी राहिली होती. हात ओले, चेहरा कोरडा.

"कशी आहे?" तिनं विचारलं.

"बांधून झाली आहे," मी म्हणाले. "तू स्वतः बघ. माझ्यावर विसंबू नकोस."

ती पुढे आली आणि माझ्या शेजारी वाकली.